दहा फूट इंग्रजी

"इंग्रजीतला कुठलाही शब्द आणा, हवा तेवढा लांब आणा. मला घाबरवणारा शब्द अजून जन्माला यायचाय!" असं पेंटर सोमवारी सकाळी चहाच्या टपरीवर छाती ठोकून म्हणाला. मंगळवारी दुपारी इंग्रजीतल्या एका वाक्याने त्याची अशी गाळण उडवली होती, की स्वतःच्या घराचा जिना चढताना त्याला दोन्ही हातांनी कठडा धरावा लागत होता.

पेंटर दुकानांचे बोर्ड रंगवायचा. बाजारातला इंग्रजी बोर्ड म्हणजे पेंटरचा हात, हे ठरलेलंच. स्पेलिंग कधी चुकलं नाही. आता स्पेलिंग येणं वेगळं आणि अर्थ येणं वेगळं. सोनाराला गळ्याचं माप माहीत असतं, म्हणून त्याच गळ्यातून गाणं कसं निघतं हे त्याला कळतं असं नाही. पण बाजाराला एवढा विचार करायला वेळ कुठला? ज्याच्या हातून इंग्रजी येतं त्याच्या डोक्यातही ते असणारच, अशी सगळ्यांची समजूत. पेंटरने ती कधी मोडली नाही. लोक त्याला 'डिक्शनरी' म्हणत, आणि तो "काय रे?" म्हणून ओ देत असे.

बोर्डावर काय लिहायचं हे गिऱ्हाईक सांगतच नसे. गिऱ्हाईक फक्त लांबी सांगे. "सात फूट फळी आहे, बसेल तेवढं इंग्रजी घाल." मग पेंटर डोळे किलकिले करून अंदाज घ्यायचा. दुकान मोठं असेल तर 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', मध्यम असेल तर 'इंटरनॅशनल', आणि टपरी असेल तर नुसतं 'न्यू'.

अर्थ सांगायची त्याची पद्धतही ठरलेली होती. लांब शब्द म्हणजे आगगाडी. डबे सोडवायचे, एकेक डबा उघडून बघायचा, आणि आत जे सापडेल ते एका दमात सांगून टाकायचं. तळमजल्यावरच्या काकूंनी भाडेकरार दाखवून 'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे काय विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं, "नॉट, विथ, स्टँडिंग. हा करार उभ्याने चालत नाही." काकूंनी घरमालकाला खुर्चीत दाबून बसवलं आणि मगच सही केली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई बाजारात नव्या आल्या तेव्हा त्यांचा 'ऑटोरायनोलॅरिंगॉलॉजिस्ट' हा बोर्ड पेंटरनेच रंगवला, आणि विचारेल त्याला सांगितलं, "ऑटो म्हणजे गाडी, रायनो म्हणजे गेंडा. गेंड्याने धडक दिल्यासारखा गाडीचा अपघात झाला तर इथे यायचं." बाईंकडे बरेच महिने कानापेक्षा गुडघेच जास्त आले. असं का होतंय, हे त्या बिचारीला कधी कळलं नाही.

आणि आता त्याच बाईंकडे पेंटरला जावं लागलं होतं. शिडीवर उभं राहून मान वर केली, की दुकान, रस्ता, शिडी आणि तो स्वतः, सगळं गरगर फिरायचं. बाईंनी डोक्याचा स्कॅन काढायला लावला होता. मंगळवारी सकाळी तो तपासून झाला.

"तू बाहेर बस," पेंटरने बायकोला सांगितलं. "आत इंग्रजीत बोलणं होईल. तुला कंटाळा येईल."

"तुम्हाला नाही ना येणार?" बायको म्हणाली आणि बाकावर बसली.

आत बाईंनी स्कॅन उजेडात धरला आणि विचारलं, "इंग्रजीत सांगू की मराठीत?"

"इंग्रजीतच सांगा मॅडम. मराठीत आजार पोरकट वाटतो."

बाईंना बरंच वाटलं. त्या सगळं इंग्रजीतून शिकलेल्या. मराठीत सांगायचं म्हणजे त्यांनाच घाम फुटायचा.

"गुड! सो, धिस इज बिनाइन पॅरॉक्सिझमल पोझिशनल व्हर्टिगो. इडिओपॅथिक. सेल्फ-लिमिटिंग. युवर स्कॅन इज कम्प्लीटली अनरिमार्केबल. टुमॉरो वी विल डू अ रिपोझिशनिंग मनूव्हर." आणि मग पेन खिशात लावत त्या मराठीत म्हणाल्या, "उद्या रिकाम्या पोटी या. घरचं कुणीतरी बरोबर आणा. काही विचारायचंय?"

इंग्रजी अजून कानातच अडकलं होतं. मराठी मात्र थेट काळजात गेलं. रिकाम्या पोटी? घरचं माणूस? पेंटरच्या जिभेच्या टोकावर प्रश्न आला. पण दारात नर्स उभी होती. आदल्या आठवड्यात याच नर्सला त्याने तिच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकातल्या इंग्रजी वाक्याचा अर्थ सांगितला होता, आणि वर म्हणाला होता, "न कळलेलं विचारायला लाजू नये."

"छे छे," पेंटर म्हणाला. "सगळं क्लिअर आहे."

बाहेर बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"विशेष काही नाही."

तोंडातून निघालेलं हे त्याचं आयुष्यातलं पहिलं अचूक भाषांतर होतं, पण ते त्याला ठाऊक नव्हतं.

रस्त्याने चालता चालता पेंटरने सवयीप्रमाणे डबे सोडवायला घेतले. सेल्फ म्हणजे स्वतः. लिमिट म्हणजे हद्द. आपली हद्द आली! रिमार्क म्हणजे शेरा. मास्तर ढ पोरालाही 'प्रयत्न हवेत' एवढा शेरा मारतात. ज्याच्या डोक्याच्या फोटोवर शेरासुद्धा मारवत नाही, त्याचं काय उरलं? री म्हणजे पुन्हा, पोझिशन म्हणजे जागा. उद्या आपली जागा बदलणार. इथून तिथे. 'तिथे' कुठे, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? आणि 'मनूव्हर' लष्कर करतं, एवढं त्याने बातम्यांत ऐकलं होतं. म्हणजे आजार एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातला नाही.

राहिला 'बिनाइन'. हा डबा काही केल्या उघडेना. एवढी वर्षं एवढे बोर्ड रंगवले, पण कुणीही आपल्या दुकानावर 'बिनाइन' लावून घेतलं नव्हतं. ज्या शब्दाचा आजवर कुणी बोर्ड लावला नाही, तो शब्द चांगला कसा असेल?

घरी पोचल्यावर तो मोरीत गेला, कडी लावली आणि मोबाइलवर शब्द टाकले. स्पेलिंग एकदम अचूक. मोबाइलने अर्थही दिला, पण 'पॅरॉक्सिझमल'च्या अर्थात त्याच्याहून लांब चार शब्द निघाले. त्यातल्या एकाचा अर्थ बघायला गेला तर आणखी सहा. उंदीर पकडायला पिंजरा लावावा आणि त्यात उंदराचं सगळं खानदान निघावं, तसं झालं. त्याने मोबाइल बंद केला आणि बादलीच्या कडेला बसून राहिला.

"अहो, किती वेळ?" बाहेरून बायको.

"आलो."

मग तो पुस्तकांच्या दुकानात गेला. तिथे इंग्रजी-मराठी शब्दकोश काचेत दिसत होता. त्याने इकडेतिकडे बघून हळूच हात घातला, तेवढ्यात दुकानदार गल्ल्यावरून गर्जला, "अरे बघा बघा! डिक्शनरीच्या हातात डिक्शनरी! काय रे, कुठे अडलं की काय?"

दुकानातल्या सगळ्या माना वळल्या.

"अडतंय कसलं!" पेंटर म्हणाला. "छपाईवाल्यांनी चुका केल्यात का ते बघत होतो." आणि न उघडलेला शब्दकोश परत ठेवून म्हणाला, "बऱ्याच केल्यात."

आता विचारायचं कुणाला? सगळा बाजार त्याला विचारत होता. विहिरीने तहान लागल्यावर कुठे जायचं?

दुपारी जेवायला बसला तेव्हा घास गिळेना. पण समोर बायको बसली होती. ही बाई आता एकटी राहणार, असं त्याच्या मनात आलं.

"भाजी छान झालीय हं," तो म्हणाला.

बायकोचा हात थांबला. "मीठ घालायचं विसरलेय मी."

"असू दे. छानच आहे."

बायकोने ताट बाजूला सारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मीठ कमी पडलं की हा माणूस डबा आपटत आला होता. "खरं सांगा. काय केलंत तुम्ही? कुणाला जामीन राहिलात? की कुणी बाई आहे?"

"बाई? मला?"

"तेही खरंच," बायको म्हणाली. पण तिची धास्ती काही गेली नाही.

एवढ्यात तळमजल्यावरच्या काकू कागद घेऊन वर आल्या. "जरा याचा अर्थ सांग रे. फ्रिजबरोबर आलाय कागद."

पेंटरने कागद हातात घेतला. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस. आता खोटं कशाला बोलायचं? "काकू, मला नाही माहीत," तो म्हणाला.

काकू पाठमोऱ्या न होता तशाच मागे मागे दारापर्यंत गेल्या. "काय म्हणाला हा?"

"तेच तर म्हणतेय मी!" बायको म्हणाली. "सकाळपासून असंच चाललंय!"

काकू जिन्यातूनच ओरडत खाली गेल्या, "पेंटरला माहीत नाही म्हणतोय! काहीतरी मोठं झालंय हो!" खालच्या मजल्यावर दोन दारं उघडल्याचा आवाज आला. पेंटरने काकूंचा कागद घडी करून ठेवला. लोकांनाही कळलं म्हणजे खरंच असणार.

संध्याकाळ व्हायच्या आत तो वर्कशॉपमध्ये जाऊन बसला. तिथे मेहुणा फळीला पॉलिश पेपर मारत होता. फळ्या कापायच्या, चौकटी ठोकायच्या, तयार बोर्ड नेऊन लावायचे, हे मेहुण्याचं काम. इंग्रजीत त्याला फक्त 'ओ' ओळखता यायचा, कारण तो कुठूनही बघितला तरी 'ओ'च दिसतो.

"भाऊजी, सोफावाल्याने पुन्हा माणूस पाठवलाय," मेहुणा म्हणाला. "उद्या दुकान उघडतोय तो. दहा फूट फळी कधीची तयार आहे. वर इंग्रजी कधी चढणार? त्याचं म्हणणं, सोफे लोकांना दिसतातच, बोर्डावर फक्त काहीतरी भारदस्त पाहिजे."

"यापुढे सगळं तूच बघ रे," पेंटर खोल आवाजात म्हणाला. "जे जे तयार होईल ते ज्याचं त्याला देऊन टाकत जा. माझी वाट बघू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे ते तुझं बोर्ड छापायचं मशीन घे. तुझंच बरोबर होतं."

मेहुण्याच्या हातातून पॉलिश पेपर पडला. या मशीनवरून दोघांचं वर्षानुवर्षं वाजत होतं. एकदा तर हातोडी फेकण्यापर्यंत गेलं होतं. मेहुणा बाहेर गेला आणि बहिणीला फोन लावला. "ताई, भाऊजी मला 'तुझंच बरोबर' म्हणाले."

"तू काय पाजलंस त्यांना?" ताई पलीकडून ओरडली.

"मी? मलाच भीती वाटतेय! मी घरी जातो. सकाळी येईन."

पेंटर एकटाच उरला. समोर ती दहा फूट फळी, काळी कुळकुळीत, आरशासारखी. त्याच्या मनात एक नवीनच भीती शिरली. आपण गेल्यावर लोक विचारणार, कशाने गेला? बायकोला सांगता येणार नाही. आणि मेहुण्यावर ते कुठेतरी लिहायची वेळ आली तर तो 'ओ'च्या पुढे जाणार नाही. ज्याने आयुष्यभर एक अक्षर चुकवलं नाही, त्याच्या मरणाचं स्पेलिंग चुकणार!

ते मात्र त्याला सहन होईना. त्याने सोनेरी रंगाचा डबा उघडला. खाली बसून, मान अजिबात वर न करता, त्याने एकेक अक्षर काढायला घेतलं. 'सेल्फ-लिमिटिंग. इडिओपॅथिक. कम्प्लीटली अनरिमार्केबल.' अक्षरांना लाल रंगाची सावली दिली. काम असं देखणं झालं, की घाबरल्या अवस्थेतही तो थोडा मागे सरकून बघत राहिला. मग बायकोची आठवण आली आणि तो घरी गेला.

बुधवारी सकाळी रिकाम्या पोटी, घरचं माणूस बरोबर घेऊन, तो दवाखान्यात हजर झाला. खोलीला दार होतं, पण ते नीट लागत नसे. बाहेर बाकावर कान धरून बसलेले, घसा धरून बसलेले, आणि पेंटरला काहीतरी झालंय हे ऐकून नुसतेच येऊन बसलेले. काकू सगळ्यांच्या पुढे.

नर्सने त्याला टेबलावर बसवलं. बाईंनी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. "आता मी तुम्हाला झटकन मागे पाडणार. डोकं टेबलाच्या बाहेर लोंबकळेल. घाबरायचं नाही."

पेंटरला बाईंच्या हातांचा गारवा कानांना जाणवला. वर छत, छतावर पंखा, आणि त्या पंख्याच्या पलीकडे जी कुठली जागा असेल ती. त्याची सगळी अब्रू, सगळे बोर्ड, सगळे डबे एका क्षणात रुळावरून घसरले.

"थांबा मॅडम!" तो किंचाळला. "आधी सांगा, किती दिवस उरलेत माझे?"

"कशाचे दिवस?"

"सेल्फ-लिमिटिंग म्हणजे काय? खरं सांगा! मराठीत सांगा! पोरकट मराठीत सांगा!"

बाहेरच्या बाकावरचं खोकणं एकदम बंद झालं.

"अहो," बाई गोंधळून म्हणाल्या, "सेल्फ-लिमिटिंग म्हणजे आपलं आपण बरं होणारं."

"बरं होणारं?"

"हो. बिनाइन म्हणजे धोका नसलेलं."

"मग इडिओपॅथिक?"

"म्हणजे का होतं ते आम्हाला माहीत नाही."

"तुम्हालाही माहीत नाही?"

"नाही ना. म्हणून तर एवढा मोठा शब्द ठेवलाय."

हे पेंटरला लगेच पटलं. तो स्वतः याच धंद्यात होता. "आणि अनरिमार्केबल?" त्याने शेवटचा दम धरून विचारलं. "कम्प्लीटली?"

"म्हणजे तुमच्या डोक्यात काहीही सापडलं नाही."

"त्यासाठी फोटो कशाला काढायला हवा होता?" बाहेरून बायकोचा आवाज आला आणि बाक हसून हसून हलायला लागला. पण हसता हसता ती रडायलाही लागली, हे काकूंनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

बाईंनी मग त्याला धडाधड मागे पाडलं, कुशीवर वळवलं, उठवून बसवलं. जग एकदा जोरात फिरलं आणि थांबलं. "कानाच्या आतले बारीक कण जागा सोडून भटकत होते," त्या म्हणाल्या. आता त्या मराठी सोडायलाच तयार नव्हत्या. "त्यांना परत घरी पाठवलं. दोन दिवस मान मागे टाकायची नाही. शिडी नाही. वर बघायचं नाही."

पेंटर बाहेर आला. जमीन सरळ होती, भिंती सरळ होत्या, तो जिवंत होता. बाकावरून कुणीतरी म्हणालं, "काय डिक्शनरी, सगळं क्लिअर ना?" त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अब्रू गेली तर गेली, जीव तर राहिला.

"भीतीने मेले मी कालपासून," बायको रस्त्यात म्हणाली. "एक शब्द विचारायला काय जीव जात होता?"

"हो," पेंटर म्हणाला. "तोच जात होता."

"आणि काल वर्कशॉपमध्ये इतका वेळ काय करत होतात?"

पेंटर उत्तर द्यायला गेला आणि जागच्या जागी उभा राहिला. तो वळला आणि वर्कशॉपकडे पळत सुटला. मागून बायको "अहो, पळू नका, कण हलतील!" म्हणून ओरडत होती.

वर्कशॉपमध्ये फळी नव्हती. शिडी नव्हती. मेहुणा नव्हता. जे जे तयार होईल ते ज्याचं त्याला देऊन टाकत जा, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि मेहुण्याने आयुष्यात पहिल्यांदाच भाऊजींचं ऐकलं होतं.

पेंटरने हाताला लागला तो काळ्या रंगाचा उघडा डबा आणि एक मोठा ब्रश उचलला आणि सोफावाल्याच्या दुकानाकडे धावला. आजवर त्याने शेकडो बोर्ड रंगवले होते आणि एकाचीही भीती वाटली नव्हती, कारण एकाचाही अर्थ माहीत नव्हता. हा पहिला बोर्ड असा होता, की त्यातला शब्द न् शब्द त्याला पक्का कळला होता. आपलं आपण बरं होणारं, का होतं ते माहीत नाही, आणि आत काहीही सापडणार नाही, अशी दहा फूट जाहिरात. आणि सोफावाला चांगला साडेसहा फुटी, हातांचे पंजे उशीएवढे.

दुकानासमोर गर्दी जमली होती. नवे सोफे फुटपाथवर मांडले होते, सगळ्यात पुढे एक पांढराशुभ्र. सोफावाला हात पसरून उभा होता.

"ये ये पेंटर! काय काम केलंस रे! लांबून काय झळकतंय! या सगळ्यांना अर्थ सांग बघू एकदा."

गर्दीत शाळेच्या इंग्रजीच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला रुमाल लावला होता. शिडीवर चढलेला मेहुणा शेवटचा स्क्रू पिळत होता.

"भाऊजी, सरळ लागलाय का बघा!" तो वरून ओरडला.

पेंटरने मान मागे टाकून वर बघितलं. मग तो काळ्या रंगाच्या उघड्या डब्यासकट पांढऱ्या सोफ्यावर पडला.